मामांची कडी

माहूर तालुक्यात तलाठी म्हणून रुजू झाले, तेव्हा ताब्यात लॅपटॉप, प्रिंटर आणि डिजिटल सहीचा बोटभर डोंगल आला. १ मे २०१८ पासून सातबारा डिजिटल सहीनं मिळू लागला होता. त्या डोंगलची खरी किंमत ओळखली ती आमच्या कोतवालमामांनी. वसुलीची रक्कम तालुक्याला पोचेपर्यंत राखायची, हे कोतवालांचं जुनं काम.

बऱ्याच लॅपटॉपच्या कडेला ७ मिमी लांब, ३ मिमी रुंद खाच असते. तिच्यात अडकवायचं तारेचं कुलूप कार्यालयात होतं, तार टेबलाच्या पायाला गुंडाळलेली. मामांनी टेबल एका हातानं उचललं आणि तार खालून ओढून काढली. म्हणाले, "मॅडम, पळवायचं म्हणलं तर सगळं एका पिशवीत बसतंय."

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडून जाड सळईची कडी करून आणली, भिंतीत सिमेंटनं पक्की केली आणि तार तिच्यातून ओवली. तार कापता येते, हे त्यांना ठाऊक होतं. पण कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि चोराला तेवढी सवड नसते. मग भांड्यांवर नावं टाकणाऱ्याला बोलावून लॅपटॉपच्या पाठीवर, प्रिंटरवर, चार्जरवरसुद्धा कार्यालयाचं नाव आणि डेडस्टॉक रजिस्टरातला नंबर कोरून घेतला. कोरलेला माल विकायला जड जातो. डोंगल मात्र लॅपटॉपजवळ ठेवूच दिला नाही, वेगळ्या पेटीत ठेवायला लावला. "किल्ली कुलपाजवळ ठेवत नसतेत, मॅडम."

रेणुकामातेच्या नवरात्रात गावात माणूस मावत नाही, अर्धा तालुका माहूरगडावरच्या बंदोबस्तात. अशाच एका नवरात्रात दुसऱ्या एका कार्यालयातून रात्रीत लॅपटॉप गेले. आमच्याही खिडकीचा गज वाकवलेला, तारेचे काही पदर तुटलेले. लॅपटॉप मात्र जागेवर. नोंदी सर्व्हरवर असतात, हे खरं. पण यंत्र गेलं की पंचनामा, फिर्याद, आणि नवं मिळेपर्यंत वारसाच्या नोंदीसाठी आलेल्या बाईनं हेलपाटे घालायचे. त्या सकाळी अशा एका बाईची नोंद मी वेळेवर घेतली, ती मामांमुळे.

कोतवाल मानधनावरचा माणूस. या राखणीचा वेगळा पैसा त्यांना कधी मिळाला नाही, कुठल्या कागदावर नावही नाही. म्हणून हे लिहिते आहे. निवृत्तीच्या दिवशी मी केलेला आहेर त्यांनी संकोचत घेतला, आणि नव्या कोतवालाला कडी, डोंगलची पेटी, रजिस्टरातले नंबर एकेक करून दाखवत दिवेलागणीपर्यंत थांबले.