न सुटणारा बोल्ट

मी कला शाखेचा विद्यार्थी. पाना-पकडीशी माझा संबंध पाहुण्याचाच! तरीही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णांच्या मोटारसायकलीचे पुढचे चाक काढून मी अंगणात बसलो. ब्रेकची डिस्क झिजली होती. पाच बोल्ट काढायचे, नवी डिस्क लावायची. अर्ध्या तासाचे काम, असा माझा हिशेब.

अण्णांशी माझे बोलणे तेव्हा जवळजवळ बंदच होते. विज्ञान सोडून मी मराठी घेतले, त्या दिवसापासून घरात कामापुरतेच शब्द उरले होते. निदान हे काम तरी त्यांना करून दाखवावे, असे मनात होते.

चार बोल्ट कुरकुरत सुटले. पाचवा मात्र हलेना. एलन कीला पाइप जोडून मी दातओठ खाऊन जोर लावला. 'खट्' झाले. सुटला! पण छे! बोल्ट जागच्या जागी होता. त्याच्या डोक्यातली षट्कोनी खाच तेवढी झिजून गोल झाली होती.

अण्णा ओसरीवरून पाहत होते. तीस वर्षे फिटर म्हणून राबलेला माणूस! ते उठून आले आणि म्हणाले, "जोराने नाही सुटायचा तो. आट्यांत औषध घट्ट झालंय. ऊब दे त्याला."

झिजलेल्या खाचेत त्यांनी किंचित मोठा चांदणीच्या आकाराचा बिट हातोडीने ठोकून बसवला. बेअरिंगच्या रबरी सीलवर ओले फडके ठेवले. मग हीट गनचा झोत नेमका बोल्टच्या डोक्यावर धरला. "लाल औषध अडीचशे अंशांच्या आसपास नरम पडतं. घाई करू नकोस." थोड्या वेळाने त्यांनी पाना माझ्या हाती दिला. बोल्ट एकदा कुरकुरला आणि निमूटपणे फिरू लागला.

पुढे मी या औषधाविषयी वाचले. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी ते १९५३ साली तयार केले. गंमत अशी, की हवा लागते तोवर ते पातळ राहते. म्हणूनच त्याची बाटली काठोकाठ भरत नाहीत. आट्यांमध्ये, धातूच्या सान्निध्यात, हवा तुटली की ते दगडासारखे होते. आमच्या घरातल्या अबोल्याचे तरी दुसरे काय झाले होते?

अण्णांनी आट्यांतली जुनी भुकटी ब्रशने साफ केली आणि नव्या बोल्टांना निळ्या औषधाचा एकेक थेंब लावला. "इथं लाल नको. निळं धरूनही ठेवतं आणि पुढं कुणाला साध्या पान्यानं सोडवताही येतं."

मग हात पुसता पुसता त्यांनी सहज विचारले, "काय रे, मराठीत नेमकं शिकवतात तरी काय तुम्हांला?"

मी सांगत राहिलो. चाक बसवेपर्यंत दिवेलागण झाली होती.