धडा ओळखीच्या माणसासाठीही हवा

मुलगी आठवीत जाते, शिकवणीहून परतायला संध्याकाळचे सात वाजू लागतात आणि आईच्या पोटात गोळा येतो. मग रविवारी सकाळचा कराटेचा क्लास लावला जातो. मैदानाच्या कडेला बसलेल्या आया लेकींच्या लाथा नि ठोसे पाहून निर्धास्त होतात. त्यांच्या डोळ्यांपुढे असते अंधारी गल्ली आणि तिथे टपून बसलेला कुणी अनोळखी गुंड.

पण आपल्या देशात बलात्काराच्या नोंदलेल्या दहा गुन्ह्यांपैकी नऊंहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, लग्नाचे वचन दिलेला मित्र. अशा माणसावर हात उगारण्याआधी 'हा आपल्याला इजा करणार आहे' हे स्वतःशी कबूल करावे लागते, आणि मुली नेमक्या तिथेच अडतात. उगाच तमाशा कशाला? त्याला काय वाटेल? घरचे काय म्हणतील?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ चार्लीन सेन यांनी ही अडचण ध्यानात ठेवूनच तरुणींसाठी प्रशिक्षण आखले. तीन-तीन तासांची अवघी चार सत्रे. आधी धोका कसा ओळखावा, भीड कशी मोडावी यावर बोलणे. हातपाय चालवण्याची पाळी तिसऱ्या सत्रात. तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर त्याचा कस लागला. जवळपास निम्म्यांना हे प्रशिक्षण मिळाले, उरलेल्यांना नुसती माहितीपत्रके. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात माहितीपत्रके मिळालेल्या शंभरातील सुमारे दहाजणींवर बलात्कार झाला होता, प्रशिक्षण घेतलेल्या शंभरातील सुमारे पाचजणींवर.

म्हणजे पाचजणी तरीही सुटल्या नाहीत. त्यांना 'शिकूनही जमले नाही' असे म्हणणे हा दुसरा अन्याय ठरेल. गुन्हा करणाऱ्याचाच असतो. (त्याच्यासाठी रविवारचा क्लास लावायला मात्र कुणाला सवड नसते!)

आपल्याकडच्या क्लासमध्ये ठोसा शिकवतात, भीड मोडायला क्वचितच. ती घरातच घातलेली असते: मोठ्यांना उलट बोलू नये, पाहुण्यांसमोर तोंड वेंगाडू नये.

एखाद्या रविवारी घरी आलेले काका कौतुकाने मुलीच्या पाठीवर हात ठेवतात. हात तिथेच राहतो. सकाळी मैदानावर ओरडलेले 'नाही' ती इथे साध्या आवाजात म्हणते, "काका, हात काढा." खोलीत शांतता पसरते. सगळे तिच्या आईकडे पाहू लागतात.