वर न्यायचे पैसे

१
गुलमर्गमध्ये खाली घसरत येणं फुकट आहे. पैसे पडतात ते वर जायचे. गोंडोला, चेअरलिफ्ट, स्नोमोबाइल, घोडा, स्लेज ओढणारा माणूस. खालच्या दिशेचं तिकीट कोणी फाडत नाही.

२
तंगमर्ग. गुलमर्ग इथून तेरा किलोमीटर, सगळा चढ. बर्फ पडला असेल तर गाडीच्या चाकांना साखळ्या लावतात, माणसांना गमबूट आणि लांब कोट चढवतात. कोट भाड्याचा. गेल्या आठवड्यात तो कोणी घातला होता, हे खिशातल्या चॉकलेटच्या कागदावरून थोडंफार कळतं.

३
गोंडोला, म्हणजे इथला रोपवे, पोमा या फ्रेंच कंपनीचा. पहिला टप्पा १९९८ला सुरू झाला, दुसरा २००५ला. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर. पहिल्या टप्प्यावर कोंगडूरी, साधारण ३१०० मीटर. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरवर नेऊन सोडतो. इथे सगळे ‘फेज वन’ आणि ‘फेज टू’ असंच म्हणतात, आपल्याकडच्या गृहसंकुलांसारखं.

४
फेज टू बंद आहे.
‘कधी सुरू होणार?’
‘हवा थांबली की.’
‘हवा कधी थांबणार?’
खिडकीतल्या माणसाने खिडकी लावून घेतली.

५
स्नोबोर्डचा जन्म १९६५च्या नाताळात, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात. शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने घरातल्या मुलींना बाहेर खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. पुढे टोकाला दोरी बांधली, धरायला. त्याचं ‘स्नर्फर’ नावाने खेळणं निघालं. १९७७ला जेक बर्टन कारपेंटरने व्हर्माँटमध्ये बोर्डचा कारखाना काढला. पण हे बोर्ड घेऊन स्कीच्या उतारांवर कोणी येऊ देईना. पोरं उद्धट, कपडे ढगळ, उतार खराब करतात, अशी तक्रार. व्हर्माँटमधल्याच स्ट्रॅटन या स्की रिसॉर्टने १९८३च्या सुमारास दार उघडलं. अल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन इथे आजही बोर्डला मज्जाव आहे.

सोसायटीत क्रिकेट खेळायला बंदी करणाऱ्या मंडळींनी या तीन ठिकाणी एकदा जाऊन यावं. फार बरं वाटेल.

६
१९९८. गुलमर्गला गोंडोलाचा पहिला टप्पा सुरू. त्याच वर्षी नागानोला स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये. पहिलं सुवर्ण कॅनडाच्या रॉस रेबाग्लियातीला. तपासणीत गांजाचा अंश सापडला म्हणून काढून घेतलं. गांजा तेव्हा ऑलिंपिकच्या बंदीच्या यादीत नीट नव्हताच, म्हणून परत दिलं.

७
बोर्डची शिकवणी गोल्फच्या मैदानावर. म्हणजे उन्हाळ्यात मैदान, हिवाळ्यात ‘बेबी स्लोप’. झेंडे काढले, खड्डे बर्फाखाली गेले, अठरा होलची चैन संपली.

कुठला पाय पुढे, हे आधी ठरवायचं. इन्स्ट्रक्टर पाठीमागे येतो आणि न सांगता हलकेच ढकलतो. तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो पुढचा. डावा पडला तर ‘रेग्युलर’, उजवा पडला तर ‘गूफी’. एका सनदी लेखापालाला ‘आप गूफी हैं’ असं सांगण्यात आलं. त्यांनी पत्नीकडे पाहिलं. पत्नीने मान डोलावली.

८
स्कीवर माणूस पहिल्याच दिवशी उभा राहतो, पुढे मात्र बरेच दिवस तिथेच रेंगाळतो. बोर्डवर पहिले दोन दिवस बसूनच जातात, मग एकदम जमायला लागतं. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, हातात काठ्या नाहीत, त्यामुळे पडणं ठरलेलं. नवशिक्यांची मनगटं मोडतात, कारण पडताना हात आपोआप पुढे येतात. म्हणून आधी पडायला शिकवतात. मुठी मिटा, कोपरापासून हात दुमडून अंगाशी घ्या, मागे पडलात तर हनुवटी छातीला लावा.

मग थांबायला शिकवतात. टाचेकडची कडा बर्फात रुतवायची की बोर्ड थांबतं. नंतर तीच कडा जरा सैल सोडत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे तिरपं उतरायचं. वळायचं सगळ्यात शेवटी.

तासभर एकच वाक्य ऐकू येत होतं: ‘नीचे मत देखो. जिधर देखोगे, उधर जाओगे.’
सगळे खाली बघत होते. सगळे खालीच गेले.

९
स्लेज. लाकडी फळी, खाली दोन पट्ट्या, पुढे दोरी. ओढणारा पन्नाशीचा, अंगात फेरन, पायात गमबूट. चढावर तो दोरी खांद्यावर घेऊन ओढतो, बसलेला पर्यटक व्हिडिओ काढतो. उताराला तो स्वतः पुढे बसतो, पर्यटक त्याच्या पाठीला धरतो, आणि भरधाव येताना तो दोन्ही टाचा बर्फात रुतवून नेमका जिथे हवं तिथे थांबवतो.

बेबी स्लोपवर याच टाचेच्या कामाचे तासावर पैसे घेतात.

१०
कोल्हापूरच्या काकू: ‘अहो, एवढ्या पैशांत आमच्याकडे महाबळेश्वरला घोडा मिळतो.’
स्लेजवाला: ‘घोडा भी है, मॅडम.’

११
‘कहाँ से आए?’ हा इथला पहिला प्रश्न. पूर्वी ‘महाराष्ट्र’ म्हटलं की लगेच ‘ताई, या, बसा’ सुरू व्हायचं. २२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळ बैसरनला झालेल्या दहशतवादी हल्ल्यात महाराष्ट्रातले सहा जण गेले. आता ‘महाराष्ट्र’ ऐकून एक-दोघे आधी ‘माफ करना’ म्हणाले. मग दर सांगितला. दर जुनाच होता, आम्ही घासाघीस केली नाही.

१२
पर्यटन मंत्रालयाची इथे एक संस्था आहे, स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी, १९६८पासूनची. दोन आठवड्यांचा कोर्स: पहाटे उठायचं, सगळ्यांनी एकदम जेवायचं, आपल्या स्की आपण उचलायच्या. सह्याद्रीत किल्ले चढून तयार झालेली पोरं-पोरी तिथे दमाला कमी पडत नाहीत. त्यांचा घोळ उलटा होतो. चढायची सवय इतकी, की उतारावर अंग मागे टाकतात, आणि मागे टाकलं की कडा सुटते.

लष्कराची शाळा त्याहून जुनी, १९४८ची. हिवाळी स्पर्धांत लष्कराची पदकं बघताना हे लक्षात ठेवावं.

१३
चिल्लई कलान: २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस, काश्मीरच्या थंडीचा गाभा. त्यानंतर चिल्लई खुर्द वीस दिवस, मग चिल्लई बच्चा दहा दिवस. थंडीसुद्धा इथे एकत्र कुटुंबात राहते.

पहिला बर्फ पडला की तो कशात तरी गुंडाळून दुसऱ्याच्या हातात फसवून द्यायचा, ‘नव शीन मुबारक’ म्हणायचं. घेणारा फसला तर त्याने जेवण द्यायचं.

१४
हा बर्फ मुळात इथला नाही. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि पीर पंजालच्या डोंगररांगेला अडकून ओझं उतरवतात. ते आले नाहीत तर थंडी असते, बर्फ नसतो. जानेवारी २०२४ जवळजवळ पूर्ण असाच गेला. पर्यटक भाड्याचे गमबूट घालून पिवळ्या गवतावर उभे. फोटो तरीही काढले.

१५
‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा २०२०पासून. स्की आणि स्नोबोर्ड गुलमर्गला, आइस हॉकी आणि स्केटिंग आता लेहला. शुभंकर हिमबिबट्या. २०२५ला गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत ठरला होता. बर्फ नाही म्हणून पुढे ढकलला. ९ ते १२ मार्चला झाला. खेळाडूंची निवड, जेवण, बसगाड्या, उद्घाटनाचा पाहुणा, सगळं ठरवता येतं.

महाराष्ट्राची पदकं बहुतेक लेहला येतात, स्केटिंगमध्ये. आपल्याकडे ओढ्याला कधी बर्फ धरत नाही. जे शिकतात ते मॉलमध्ये.

१६
आरिफ खान इथलाच. वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकमेव खेळाडू, त्यामुळे ध्वजही त्याच्याच हातात. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा. नैसर्गिक बर्फात वाढलेला मुलगा, आणि बीजिंगचे उतार जवळजवळ सगळे यंत्राच्या बर्फाचे.

१७
फेज टूच्या वरच्या स्थानकावर दोन जाती ओळखू येतात. एक कॅबिनमधून उतरून डावीकडे जाते, सेल्फी काढते, कहवा शोधते आणि त्याच दोरीने परत खाली जाते. दुसरी उजवीकडे बसून शांतपणे बाइंडिंग आवळते. दुसऱ्या जातीच्या पाठीवर छोटी पिशवी असते. आत फावडं, घडीची लांब सळई. अंगावर बीकन.

बीकन एकट्याने बांधून काही उपयोग नाही. बर्फाखाली गाडले गेल्यावर तो हाक मारतो, पण ऐकायला दुसऱ्याकडेही बीकन लागतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची. तेवढ्यात खालून मदत पोहोचत नाही, शेजारचाच खणतो. स्की पेट्रोलची माणसं सकाळी बर्फ तपासून, गरज पडली तर स्फोटकांनी कमकुवत थर पाडून, मगच वरचा भाग उघडतात. आखलेल्या हद्दीपलीकडे प्रत्येक जण आपल्या जबाबदारीवर. फेब्रुवारी २०२३ला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ला एक रशियन.

भाड्याच्या दुकानात बीकन मागितला तर मिळतो. न मागितला तर गॉगल दाखवतात.

१८
भरपूर बर्फ पडलेली सकाळ. परदेशी बोर्डवाले खूश: पावडर! म्हणजे ताजा, भुसभुशीत बर्फ. हॉटेलवाला खूश. टॅक्सीवाला नाखूश. आमच्या गटाच्या टूर मॅनेजरने जाहीर केलं, ‘बर्फामुळे आजचा बर्फाचा कार्यक्रम रद्द.’

१९
जहांगीरने म्हणे इथून एकवीस प्रकारची फुलं जमवली होती. बर्फात मोजणी अवघड.

२०
इन्स्ट्रक्टर तेवीस-चोवीसचा, तंगमर्गकडच्या गावातला. सीझन मार्चअखेर, फार तर एप्रिल. मग? मग गोंडोलाच्या रांगेत गाइड, नाहीतर मामाचे घोडे. बोर्ड स्वतःचं नाही; एका परदेशी गिऱ्हाइकाने जाताना दिलेले बूट आहेत, दीड नंबर मोठे, दोन मोजे घालतो.

दादरच्या मुलाला त्याने विचारलं, ‘मुंबईला समुद्र आहे ना? तुमच्या घरापासून लांब?’
‘नाही, चालत दहा मिनिटं.’
‘मग रोज पोहत असाल.’
‘नाही. पोहता येत नाही.’
‘मग तिथे जाऊन काय करता?’
‘भेळ खातो.’