दुधाची पिशवी आणि मागची सीट

रत्नागिरी
गौरी-गणपती आटोपल्यावर

प्रिय मंदे,



पत्र पोचलं. तुमच्या ओंटारिओत दूध अजूनही पिशव्यांतून मिळतं, चार लिटरला तीन पिशव्या, हे तुझ्यामुळे कळलं. त्यातली एक मागच्या सीटवर फुटली, वर भर जुलैच्या उन्हात गाडी दिवसभर उभी राहिली, म्हणजे आतली अवस्था मी इथे बसून ओळखू शकते. नातू गाडीत बसायला तयार नाही असं लिहिलं आहेस. त्याचं बरोबर आहे गं. लहान मुलांची नाकं खरं सांगतात.

आधी एक कर. आरशाला टांगलेलं ते सुगंधी झाड काढून टाक आणि सीटवर सुवासिक फवारे मारणं आजपासून बंद. एक वास दुसऱ्याला घालवत नाही, दोन्ही मिळून डोकं चढवतात. ज्यांना गाडी लागते त्यांना तर या अत्तरांनीच आधी मळमळायला लागतं. शिवाय घाण नेमकी कुठे आहे ते शोधायला तुझं नाक मोकळं हवं. वास हवेत असतो असं आपल्याला वाटतं, पण हवा चार काचा उघडल्या की बदलते. वासाचं मूळ सीटच्या फोममध्ये असतं, कधी त्याखालच्या नमद्यात. ते मूळ बाहेर काढलं तरच काम झालं.

आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडी बाईंची सवय सहन कर. दुधात पाण्याखेरीज तीन मुख्य गोष्टी असतात: साखर, स्निग्धांश आणि प्रथिनं. साखरेचं जंतू लॅक्टिक आम्ल करतात, तो आंबूसपणा. स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल सुटतं. लोणी खवट झालं की जो वास येतो तो याचाच, आणि ओकारीच्या वासातही हेच आम्ल असतं. म्हणून तुला सारखं वाटतं की गाडीत कुणीतरी ओकलं आहे. प्रथिनं कुजायला लागली की त्यांचा दुर्गंध आणखी वेगळा.

आता तू काय केलंस ते बघू. शेजारणीने सांगितलं म्हणून खाण्याचा सोडा टाकलास आणि त्यावर व्हिनेगर ओतलंस. फसफस भरपूर झाली असेल. पण सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांनाच संपवतात. मागे उरतं थोडं मिठासारखा क्षार असलेलं पाणी आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. दुधाच्या वाट्याला काहीच येत नाही. एकटा सोडा टाकला असतास तर त्या खवट आम्लाचा क्षार झाला असता, आणि क्षार हवेत उडत नाही म्हणून वास दबला असता. मात्र त्यावर पुन्हा व्हिनेगर पडलं की क्षारातून तेच आम्ल मोकळं होतं. दुधाला व्हिनेगर लावूच नकोस. आणि तुझे यजमान भाड्याने वाफेचं यंत्र आणायचं म्हणताहेत, त्यांना थांबव. उष्णतेने दुधातली प्रथिनं कापडाच्या धाग्यांत घट्ट बसतात. दूध, अंडं, रक्त, यांना पहिलं पाणी नेहमी थंडच.

करायचं ते असं. गाडीचं माहितीपुस्तक काढ आणि मागच्या सीटची बैठक कशी सुटते ते बघ. पुष्कळ गाड्यांत ती नुसत्या खिट्ट्यांनी किंवा एक-दोन बोल्टांनी बसवलेली असते. उचलताना हिसका देऊ नकोस, खाली सुरक्षा पट्ट्याच्या वायरी असतात, तुमच्याकडे सीट गरम करायच्या वायरीही असतील. बैठक निघाली की खालचा पत्रा आणि त्यावरचा गालिचा हाताने चाचपून पाहा. दूध वरून जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट पसरलेलं असतं, कारण ते उताराला धावतं. तुला वरचा डाग पुसून महिना झाला तरी वास जात नाही, त्याचं कारण बहुधा या गालिच्याखाली सापडेल.

गार पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-चार थेंब घालून तो भाग ओला कर, दाबून टिप, आणि ओलं-कोरडं दोन्ही खेचणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी ओढून घे. मग साध्या पाण्याने साबण काढ. घासू नकोस. घासल्याने डाग आत जातो आणि कापडाची लव उभी राहते ती पुन्हा बसत नाही. यानंतर पाळीव प्राण्यांच्या दुकानात जा. मांजराच्या मुतासाठी विकतात तो एन्झाइमवाला द्रव घे, दुधालाही तोच लागू पडतो. यातली एन्झाइमं प्रथिनं आणि स्निग्धांश यांचे बारीक तुकडे करतात. पण त्यांना दोन गोष्टी लागतात, ओल आणि वेळ. लोक फवारा मारून पाच मिनिटांत पुसतात आणि औषध खोटं म्हणून ओरडतात. दूध जितकं खोल गेलं तितका खोल हा द्रव गेला पाहिजे. ओतून झाल्यावर वर प्लॅस्टिक पसर म्हणजे वाळणार नाही, आणि बाटलीवर लिहिलं असेल तितके तास हात लावू नकोस. मध्येच जंतुनाशक किंवा ब्लीच तर मुळीच नको, त्याने एन्झाइमंच निकामी होतात. शेवटी पुन्हा साधं पाणी, पुन्हा व्हॅक्यूम.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तिथेच बहुतेकांचं काम फसतं: वाळवणं. आमचे धाकटे भावोजी चिपळूणला गाड्यांच्या सीटचं काम करतात, त्यांच्या दुकानात बसून मी हे फार जवळून पाहिलं आहे. वरचं कापड दोन तासांत हाताला कोरडं लागतं, पण आतला फोम दोन दिवस ओला असतो. तो वाळताना आतलं पाणी कापडाकडे वर चढतं आणि विरघळलेली घाण सोबत आणतं. म्हणूनच साफ केलेला डाग दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत दिसतो, वर कडेला एक पिवळी रेघ घेऊन. भावोजी ओल्या जागेवर जाड पांढरा टॉवेल घालून वर वजन ठेवतात, रात्रभर. वर चढणारी घाण टॉवेल पितो. सकाळी दारं सताड उघडी, पंखा सीटच्या तोंडाशी. तू बैठक बाहेरच काढलेली असशील, तर ती उभी करून ठेव, म्हणजे खालूनही वारा लागेल.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते तुला आठवत असेल, तेव्हा तू रोज फोन करत होतीस. त्यानंतर भावोजींकडे सीटच सीट आल्या. लोक रडवेले होऊन विचारायचे, धुऊन मिळेल का? पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी, डिझेल, चिखल सगळं असतं. अशा पाण्यात बुडालेला फोम ते सरळ फेकायला सांगायचे, आणि मला ते पटतं. कव्हर धुता येतं, पत्रा घासता येतो, पण गटार प्यायलेल्या फोमवर लहान मूल बसवायचं नाही. पुढे कधी तिकडे जुनी गाडी घेणार असलात तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा. पुरातली गाडी असेल तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ सापडते, आणि सीट सरकते त्या रुळांतही गाळ अडकलेला असतो. गाडीत भरमसाट अत्तर मारलेलं असेल तर दोनदा विचार करा.

आता तू मला विचारलंस, की तुम्ही गाडीतून मासे आणता तरी वास कसा राहत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावरून येताना बर्फाचं पाणी सांडतंच कधीतरी. पण माशाचं गणित दुधाच्या उलट आहे. समुद्राच्या माशात जंतूंमुळे ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं. हा अल्कधर्मी पदार्थ, त्यामुळे इथे आम्लच उपयोगी. माशाला लिंबू चोळतो त्यामागेही हेच रसायन आहे. गार पाण्याने टिपून घ्यायचं, मग निम्मं पाणी निम्मं साधं पांढरं व्हिनेगर हलकं लावायचं, पुन्हा पाण्याने टिपायचं. हिंवसटपणा जातो. उलट आंबा घाटात कुणी ओकलं तर ते आम्ल, तिथे कोरडा सोडा भुरभुरवून ठेवायचा आणि घरी आल्यावर एन्झाइम. कुठला वास कशाचा हे ओळखलं की उपाय आपोआप सुचतो. ओळखलंच नाही तर गाडीत अख्खं किराणा दुकान ओतलं तरी काही होत नाही.

डागांचंही तसंच. हळदीचा डाग पडला तर साबण सोडा काही लावू नकोस. अल्कधर्मी गोष्ट लागली की हळद लाल होते, आपण दोघींनीही हे साडीवर बघितलंय. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घेऊन टिप, आधी सीटच्या कुठल्यातरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघ. उरलेलं ऊन खातं. दार उघडं ठेवून थेट ऊन पडेल अशी गाडी लाव. तेलाचा डाग असेल तर आधी कॉर्नफ्लॉवर टाकून तेल शोषून घ्यायचं, मग भांड्यांचा साबण. चहाचा डाग व्हिनेगरला ऐकतो.

आमच्याकडे खरा शत्रू दूध नाही, पावसाळा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि चार महिने ओल्या चपला, ओल्या छत्र्या, ओली माणसं गाडीत चढतात. मग कुबट वास येतो, तो बुरशीचा. तुझ्याकडे एसी लावल्या लावल्या पहिला झोत घाण येतो म्हणालीस, तोही हाच, त्याचा सीटशी संबंध नाही. एसीच्या आतली गार जाळी सतत ओली राहते आणि तिथे बुरशी धरते. घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून पंखा नुसता चालू ठेवायचा, जाळी वाळते. केबिनचा फिल्टर बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे असतो, तो वर्षातून एकदा बदल. आणि पुढच्या सीटखालचा गालिचा कारण नसताना ओला लागला तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असू शकते. ती मोकळी केल्याशिवाय गालिचा कितीही धुतलास तरी व्यर्थ.

काही गोष्टी मात्र मी तुला बजावून सांगते. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नकोस, क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो. सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे जोड दिसले तर त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही आणि तिथे पाणी ओतायचं नाही. पुढच्या सीट सोडवायच्या असतील तर ते काम गॅरेजवाल्याचं. सुरक्षा पट्ट्याला फक्त सौम्य साबण आणि पाणी, त्याचे धागे कमजोर झाले तर अपघातात तो काय धरणार? छताचं अस्तर भिजवू नकोस, त्याचा गोंद सुटून ते लोंबायला लागतं. आणि ओझोनचं यंत्र लावून देतो म्हणणारा भेटेल. ओझोनने वास कमी होतो हे खरं, पण तो फुप्फुसांना त्रास देतो, रबरही खराब करतो, आणि फोममधलं दूध जागच्या जागी राहतं. तुझा नातू त्या सीटवर बसणार आहे. माझं ऐक, यंत्र नको.

अजून एक. थंडी पडली की तुला वाटेल वास गेला. गारठ्यात ही आम्लं हवेत फारशी उडत नाहीत एवढंच. गाडीचा हीटर तापला की वास परत येईल, आणि वसंतात तर पुरता. शून्याच्या खाली फोम वाळतही नाही आणि एन्झाइमंही नीट काम करत नाहीत. त्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांबरोबर आत येऊन गालिच्यावर पांढरे पट्टे उमटवेल. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे रबरी खोलगट मॅट आत्ताच घालून ठेव. पट्टे उमटलेच तर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर, आणि टिपणं.

एन्झाइमचे दोन हात देऊनही वास राहिला, तर हट्ट करू नकोस. फोम बदलून घे. बैठकीपुरता फोम नवा बसवणं हे नेहमीचं काम आहे, त्यासाठी गाडी विकायला काढायची मुळीच गरज नाही.

तुमच्याकडे सप्टेंबरचं ऊन अजून आहे. येत्या शनिवारी सकाळी बैठक बाहेर काढ, कारण पूर्ण वाळायला रविवारही लागेल. खाली काय सापडलं ते लगेच कळव. यजमानांना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझी,
कुंदा