डेस्परेटली

पावसाळा जवळ आला की मित्रांचे निरोप सुरू होतात, 'दाभोश्याला जायची डेस्परेटली वाट बघतोय!' जव्हारजवळचा, लेंडी नदीवरचा तो सुमारे ३०० फुटी धबधबा आहेच तसा. पण मी त्या शब्दापाशी अडखळतो.

मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'आशा सोडलेला'. आपला 'हताश' म्हणजे ज्याची आशा मारली गेली तो. दोघे सख्खे भाऊच म्हणा ना! पण स्वभाव वेगळे. हताश माणूस बसून राहतो, डेस्परेट माणूस धावत सुटतो. म्हणून या एका इंग्रजी शब्दाला मराठीत प्रसंग पाहून कधी 'हताशपणे', कधी 'काकुळतीने', तर कधी 'जिवाच्या आकांताने' म्हणावं लागतं.

जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, पण पाणी उतारावरून वाहून जातं. मे महिन्यात बाया तळ गाठलेल्या विहिरीतून वाटी-वाटीने हंडा भरतात. १९९२ मध्ये याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला, कुपोषणाने मुलं दगावली. तेव्हा त्या आया हताशपणे बसून राहिल्या असतील? मला नाही वाटत. जिच्या कडेवर आजारी पोर असतं, तिला बसायची मुभा नसते.

आशा संपल्यावरही पाय चालत राहतात ना, ते चालणं म्हणजे डेस्परेटली. धबधब्यासाठी आपलं साधं 'आतुरतेने' पुरे आहे की!

बघा, पटतंय का.