दगड संपतो तिथं

दिवाळी झाल्यापासून मी आणि माझा भाचा जोतिबाच्या डोंगरावरच्या एका पुजाऱ्यांच्या वाड्याची दर्शनी भिंत सोलत होतो. छिन्नी तोच धरतो. माझा हात आता थरथरतो. मी ओळंबा सोडला की गोळा थांबेपर्यंत पोरगं मुद्दाम दुसरीकडं बघत उभं राहतं.

सोलत होतो ते सिमेंट. तिसऱ्या दिवशी त्यानं एक खपली हातावर घेतली आणि म्हणाला, "मामा, हे ज्यानं केलंय त्यानं भिंतीचं वाटोळं केलंय. पण हात लई सफाईचा होता बघा." मी तंबाखू मळत बसलो. पंचवीस वर्षांपूर्वी ते मीच लावलं होतं. ओल्या सिमेंटवर सुतळी मारून खोट्या दर्जा काढल्या होत्या, अशा की खालच्या गावचा पाथरवटही क्षणभर फसला होता. भाच्याला खरं सांगायला मला आठवडा लागला. आधी ती सफाईची तारीफ पुरती चघळून घ्यायची होती.

भिंत या भागातल्या जुन्या वाड्यांसारखीच. कमरेपर्यंत डोंगराचाच घडीव काळा दगड, त्यावर कच्च्या मातीचा भेंडा, आणि दगड भेंड्यापेक्षा बोटभर पुढं. चुना कसा मुरवायचा, बेलफळाचा गर किती घालायचा, ते इथं सांगत बसत नाही. करणाऱ्याला ते माहीत आहे, न करणाऱ्याला वाचून येणार नाही. माझं सगळं भांडण आहे ते दगड संपून भेंडा सुरू होतो त्या एका ओळीशी.

डोंगरावर पाऊस आडवा येतो. गिलाव्यावर आपटतो, खाली ओघळतो आणि त्या बोटभर कडेवर बसून राहतो. ते बंद करावं म्हणून मी सिमेंटचा उतरता लेप, म्हणजे वाटा, मारला होता. वरून केसाएवढ्या चिरेतून पाणी आत जातच राहिलं, बाहेर यायची वाट मात्र मी बुजवली. आता वाटा फोडला तर मागचा भेंडा कालवणात पडलेल्या भाकरीसारखा. बोट घातलं की आत जात होतं.

चुन्यानं तीच ओळ भरायची तर वेगळाच घोळ. भेंडा पाणी पिऊन टाकतो, दगड थेंबही घेत नाही. एकाच थापीचा चुना वरच्या अंगाला दुपारपर्यंत सुकतो, खालच्या अंगाला चार दिवस ओलाच. मग दोघांच्या मध्ये चीर पडते, बरोबर त्याच ओळीत. भेंडा जास्त भिजवला तर तोच विरघळतो. मी सुरखी वाढवली, गूळ कमी केला, तागाचे धागे बारीक कातरून घातले. रात्री अंथरुणात उठून बसायचो आणि बायकोला विचारायचो, "आत्ता सुकला असेल का गं?"

इथल्या देवळांना हा जाच नाही. राणोजी शिंद्यांनी 1730 साली केदारनाथाचं देऊळ बांधलं, दौलतरावांनी 1808 साली केदारेश्वराचं. भिंती जोत्यापासून वर दगडीच, तेव्हा ती ओळच नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याला आहे. 1732 साली वास्तुशांत झालेला वाडा 1828 च्या आगीत गेला, पण तटाखालचा दगड आणि वरची वीट अजून उभी आहे. तिथं गेलो की लोक दिल्ली दरवाज्याचे खिळे बघतात, मी मान वाकडी करून दगड-विटेचा सांधा बघत फिरतो. पण वीट भाजलेली असते, तिला पाण्याचं एवढं भय नाही. माझा भेंडा कच्चा, म्हणून माझं दुखणं वेगळं, असं म्हणून मी स्वतःचं समाधान करून घेतो.

समोरच्या पन्हाळ्यावर संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरात नवं बांधकाम करायला बंदी आहे, पुढच्या दोनशे मीटरात परवानगी लागते. इथल्या वाड्याचं संरक्षण म्हणजे ऐंशीच्या घरातल्या आक्का. आजूबाजूला यात्रेकरूंसाठी स्लॅबच्या खोल्या चढल्या, आक्कांनी कौल उतरू दिलं नाही. हल्ली काही जण गोणीतला तयार चुना आणतात, पाणी घालून फासतात आणि फोटो काढतात. मी त्यांना नावं ठेवतो. खरं तर त्यांना काम मिळतं याचाच जास्त राग येतो.

ओळ सुटली ती भाच्यामुळं. मला न विचारता त्यानं आधी भेंड्याला पांढऱ्या मातीत थोडा चुना कालवून पातळ हात दिला, तो आठ दिवस सुकवला आणि मग दगडापासून वर उतरता चुना चढवला. चीर आली नाही. मी भिंगानं शोधली. चाळीस वर्षांत हे मला का सुचलं नाही, या विचारानं दोन दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही.

चैत्र यात्रेआधी काम संपवायचं होतं, कारण ओल्या चुन्यात गुलाल बसला की निघत नाही. पोराचं वेळेत झालं. दाराजवळचा हातभर तुकडा मी हट्टानं स्वतःकडं ठेवला होता. हात चालेना, यात्रेच्या आदल्या दिवशी कसाबसा पुरा केला. दुसऱ्या दिवशी सासनकाठ्या नाचल्या, चांगभलं झालं, डोंगर गुलाबी झाला. मग पोरानं भिंत झाडली. सगळी ओळ पांढरी निघाली, माझाच तुकडा गुलाबी राहिला.

"मामा, खरवडून परत करू?"

मी करू दिलं नाही. आक्कांना म्हटलं, "देवाचा गुलाल हाय, राहू दे." त्यांनी हात जोडले. दुरुस्ती दिसली तर गवंडी कच्चा, हे जन्मभर पोराला मीच सांगत आलोय. तरी आता वर गेलो की आधी दाराजवळ जाऊन बघतो, गुलाबी अजून तेवढंच आहे ना.