काठगोदामच्या पुढची अरण्ये

काठगोदाम येथे रेल्वेमार्ग संपतो आणि कुमाऊंचा डोंगर सुरू होतो. नावाप्रमाणेच हे गाव एकेकाळी लाकडाच्या वखारींचे. येथून अल्मोड्याकडे निघालेल्या प्रवाशाला काही तासांतच अरण्याची निरनिराळी रूपे पाहावयास मिळतात.

पायथ्याशी सालवृक्षांचे वन आहे. साल पानझडी खरा, पण आपल्या सागासारखा तो महिनोन्‌महिने उघडा राहत नाही. वसंतात जुनी पाने गळतात तोच नवी पालवी फुटते. सह्याद्रीतला साग पाने टाकतो तो उन्हाळ्यात पाणी वाचविण्यासाठी. कुमाऊंच्या उंच, ओलसर दऱ्यांतील अक्रोड आणि पांगर (हा आपला पांगारा नव्हे) पाने टाकतात ते मात्र थंडीमुळे. पानझड एकच, कारणे दोन.

सुमारे हजार मीटर उंचीनंतर साल मागे पडतो आणि चीड हा सूचिपर्णी वृक्ष दिसू लागतो. त्याची सुईसारखी पाने तीन-तीनच्या जुडग्याने येतात. त्यांचा पृष्ठभाग अल्प व मेणचट असल्याने पाणी कमी उडते, म्हणूनच कोरड्या, खडकाळ उतारावरही चीड तग धरतो. तो सदाहरित आहे. पण सदाहरित म्हणजे पाने न गाळणारा नव्हे. ऐन उन्हाळ्यात त्याच्या वाळलेल्या सुयांचा जाड थर जमिनीवर पसरतो. त्याला तेथे पिरूल म्हणतात. त्यावरून पाय घसरतो, आणि एका ठिणगीने संपूर्ण उतार पेटतो. जाड सालीमुळे मोठा चीड बहुधा वाचतो. शेजारची कोवळी रोपे मात्र जळून जातात.

आणखी वर, दीड-दोन हजार मीटरवर, बांजचे राज्य आहे. हा ओक जातीचा रुंदपर्णी वृक्ष. त्याची पाने गुरांचा चारा होतात, गोठ्यात अंथरली जातात आणि पुढे शेताचे खत बनतात. त्याच्या तळाशी कुजलेल्या पानांची मऊ, ओली माती असते. बांज तेथे पाणी, हा पहाडी गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. गावाचा नौला, म्हणजे दगडांनी बांधलेले झऱ्याचे कुंड, पुष्कळदा बांजवनाखालीच आढळतो.

मग चीड इतका का वाढला? याचे उत्तर व्यापारी वाचकांस चटकन उमगेल. चीडाच्या खोडातून लीसा नावाचा चीक निघतो. त्यापासून राळ आणि टर्पेंटाइन होते. आपल्या पेठांतील रंगाच्या दुकानांतही या वस्तू असतात. ब्रिटिश वनखात्याला रेल्वेचे स्लीपर आणि राळ यांतून महसूल मिळत असे. बांजच्या पाल्यातून काहीच नाही. त्यामुळे चीडाला जपले गेले आणि गावकऱ्यांच्या वनहक्कांवर निर्बंध आले. १९२१ साली कुमाऊंत त्याविरुद्ध असंतोष उसळला, तेव्हा सरकारी चीडवने मोठ्या प्रमाणावर पेटविली गेली.

ज्याचा भाव ठरतो तेच वहीच्या जमेच्या बाजूस येते. झऱ्याचे पाणी, चारा, मातीची ओल यांची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. त्यांची तूट मात्र डोक्यावर हंडा घेऊन दूर चालणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला आली. वणव्यांची किंमत तर प्राणांनीही मोजावी लागते. जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यातील वणव्यात वनविभागाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले.

चीडाला खलनायक ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. उजाड कड्यावर पहिला उभा राहतो तो चीडच. प्रश्न प्रमाणाचा आहे. काही गावे आता पिरूल वेचून इंधनाच्या कांड्या करतात, तर काही ठिकाणी पाणी मुरविण्यासाठी खड्डे खणून बांजची रोपे लावली जातात. बांज सावकाश वाढतो. लावणाऱ्याला फळ दिसेलच असे नाही.

उन्हाळी सुटीत सहकुटुंब कुमाऊंला जाणाऱ्यांनी चीडवनात काडी, विस्तव यांबाबत विशेष दक्ष राहावे. मुक्कामाच्या गावी नौला कोठे आहे, हे विचारून मुलांना तेथवर अवश्य न्यावे. वर मान करून कोणते झाड उभे आहे ते त्यांना ओळखू द्यावे.